1 किलोवॅटची घरगुती पवनचक्की, 14 महिने वापरल्यावर: आवाज आणि वटवाघळं

घ्यायच्या आधी मी मिळतील तेवढे रिव्ह्यू वाचून काढले होते, सगळ्यांत वीज किती येते, बॅटरी कुठली जोडली, गंज लागतो का, एवढंच. आवाजाबद्दल एखादी ओळ, ती पण "अजिबात आवाज नाही" नाहीतर "डोकं उठतं", मधलं काहीच नाही. आणि पक्ष्यांबद्दल, वटवाघळांबद्दल तर कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. म्हणून मी मुख्यतः याच दोन गोष्टींवर लिहितेय, कारण 14 महिन्यांत माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. कंपनीचं नाव देत नाही, या आकाराच्या बहुतेक मशिनना हे सगळं थोड्याफार फरकाने लागू पडतं.

मशीन असं आहे: तीन पाती, फिरतात तो गोल 2.4 मीटर व्यासाचा, मागे शेपूट, गिअरबॉक्स नाही, चुंबकवाला जनरेटर, त्यातून तीन तारा खाली कंट्रोलरला येतात आणि तिथून बॅटरी, इन्व्हर्टर. चांगल्या वाऱ्यात साधारण मिनिटाला 400 फेरे.

पहिली चूक गच्चीची. बसवायला आलेला माणूस म्हणाला ताई गच्चीवरच लावू, उंची आयती मिळते, केबल पण वाचते. आम्हाला पटलं. जिन्याच्या खोलीच्या भिंतीला पाईप बोल्टने आवळला आणि संध्याकाळी चक्की फिरायला लागली तेव्हा अंगणात उभं राहून आम्ही सगळे खूष, आवाज म्हणाल तर बारीकशी सूं सूं. रात्री साडेअकराला झोपायला गेलो आणि खोलीच गुणगुणत होती. म्हणजे आवाज खिडकीतून येत नव्हता, खिडकी बंद केली तरी तेवढाच, कान उशीला लावला तर उलट जास्त. मी उठून भिंतीला तळहात लावला तर हाताला मुंग्या आल्यासारखं बारीक थरथरणं लागत होतं, आणि कपाटाच्या काचेवर पाण्याचा ग्लास ठेवला तर पाण्यावर गोल गोल रेघा. हिशोब नंतर केला, 400 फेरे म्हणजे सेकंदाला पावणेसात, गुणिले तीन पाती, म्हणजे सेकंदाला 20 वेळा एक पातं खांबासमोरून जातं आणि दर वेळी खांबाला बारीकसा धक्का देतं. 20 हर्ट्झ कानाला जेमतेम ऐकू येतं, पण त्याच्या पटीतले 40, 60, 80 भिंत, स्लॅब, काच सगळं उचलून धरतं. तंतुवाद्याच्या पेटीवर तार लावतात तसं आम्ही घराची पेटी केली होती. रबराचे पॅड टाकून बघितले, थोडा फरक पडला, झोप लागण्याइतका नाही. तीन आठवड्यांत उतरवली.

गच्चीवर वीजही कमी आली ते वेगळंच. वारा घराच्या कडेला आपटून वर येतो तेव्हा त्यात भोवरे असतात, चक्की सारखी तोंड फिरवत राहते, आणि असा गढूळ वारा पात्यांवर आला की पात्यांचा आवाजही वाढतो. म्हणून कुणीही कितीही सांगितलं तरी राहत्या घराच्या छतावर लावू नका, एवढं एक वाक्य वाचून कुणी पुढचं सोडून दिलं तरी माझं काम झालं.

आता ती घरापासून 30 मीटरवर 12 मीटरच्या खांबावर आहे, चार बाजूंनी ताणाच्या तारा. भिंतीतली गुणगुण गेली. राहिला हवेतून येणारा आवाज, आणि इथे माहितीपत्रकातल्या आकड्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण मी त्याच आकड्यावर विसंबून घेतली होती. छोट्या पवनचक्क्यांच्या माहितीपत्रकात डेसिबलचा जो आकडा असतो तो बऱ्याचदा 2009 च्या अमेरिकन मानकाप्रमाणे काढलेला असतो, म्हणजे चक्कीच्या मध्यापासून 60 मीटरवर, वर्षाचा सरासरी वारा सेकंदाला 5 मीटर धरून, 95 टक्के वेळ ज्याच्या वर आवाज जाणार नाही तो आकडा. यात खोटं काही नाही. पण मी 30 मीटरवर राहते, आणि अंतर निम्मं झालं की आवाज ढोबळमानाने 6 डेसिबल वाढतो. उरलेले 5 टक्के म्हणजे नेमक्या वादळी रात्री, त्या त्यात येतच नाहीत. तेव्हा आकडा वाचलात की लगेच विचारा, किती मीटरवरचा आणि किती वाऱ्यातला? दुकानदाराला सांगता आलं नाही तर तो आकडा सोडून द्या.

मी हातातला आवाजमापक मीटर घेतला, फोनमधल्या अॅपवर भरवसा ठेवू नका, आणि माईकवर फोमची टोपी हवीच नाहीतर तुम्ही वाराच मोजत बसता. रात्री अंगणात चक्की ब्रेक लावून बंद असताना 32-33 डेसिबल, मध्यम वाऱ्यात फिरत असताना 41-42. दिवसा हाच 42 रस्त्याच्या, झाडांच्या, माणसांच्या आवाजात विरघळून जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. रात्री मात्र तसं होत नाही कारण 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, आणि रात्रीची अजून एक भानगड आहे, सूर्य मावळल्यावर जमीन थंड होते, जमिनीलगतचा वारा पडतो, झाडाचं पान हलत नाही, पण वर वारा चालूच असतो. म्हणजे खाली आवाज झाकणारं काही नाही आणि वर चक्की फिरतेय. मोठ्या पवनचक्क्यांजवळ राहणारे लोक रात्रीचीच तक्रार का करतात हे मला त्या मीटरने शिकवलं.

शेजारच्या काकूंनी दुसऱ्या महिन्यात विचारलं, "अगं, रात्री तुमचं ते काय गूं गूं करत असतं गं?" भांडायला नव्हत्या आल्या, खरंच विचारत होत्या. त्यांचं घर माझ्यापेक्षा लांब आहे, मीटर तिथे 37 दाखवत होता, आणि माझी पहिली प्रतिक्रिया काय होती तर काकू, 37 म्हणजे काहीच नाही हो. मग त्यांच्या अंथरुणाशेजारी दहा मिनिटं बसले. आकडा 37 च, पण आवाज एकसारखा नव्हता, वाऱ्याच्या झोताबरोबर सूर चढायचा, उतरायचा, परत चढायचा, आणि एकदा कान तिथे लागला की मन पुढच्या चढाची वाट बघत बसतं. पंख्याचा आवाज याच्यापेक्षा मोठा असतो पण तो सपाट असतो म्हणून त्यात झोप लागते. मोठ्या पवनचक्कीचं माझ्या चक्कीपेक्षा वेगळं आहे, ती मिनिटाला 20 च्या आसपास फेरे घेते, तीन पाती म्हणजे साधारण सेकंदाला एक "फुस्स", त्यामुळे गूं गूं ऐवजी ते श्वासासारखं फुस्स, फुस्स येत राहतं, पण त्रास त्याच वर-खाली होण्याचा.

काकूंसाठी नंतर बरंच काही केलं. एक म्हणजे बॅटरी भरली की आमचा कंट्रोलर चक्कीचा भार सरळ काढून टाकायचा, आणि भार गेला की पाती मोकाट सुटतात, किंकाळीसारखा आवाज. पात्याच्या आवाजाचं गणित असं आहे की तो टोकाच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे वेग 20 टक्के कमी केला तर जवळपास 5 डेसिबल उतरतात, आणि वेग सुटला तर तितक्याच भराभर चढतात. आमच्या चक्कीच्या टोकाचा वेग 400 फेऱ्यांना सेकंदाला 50 मीटर, ताशी 180 किलोमीटर होतो. उपाय साधा आहे, बॅटरी भरल्यावर जास्तीची वीज जाळायला हीटरसारखा डंप लोड जोडायचा, म्हणजे चक्कीला सतत काम राहतं आणि ती ताब्यात फिरते. हा डंप लोड खोक्यातच यायला हवा होता, आम्हाला वेगळा मागवावा लागला, आणि तो हवा हे विकणाऱ्याने आपणहून सांगितलं नाही याचा मला अजून राग आहे.

दुसरी गोष्ट शिट्टीची. दहाव्या महिन्यात एकाएकी बारीक शिट्टी सुरू झाली, वाटलं बेअरिंग गेलं. खांब आडवा केला तर बेअरिंग ठणठणीत. मग पात्यांवर बोट फिरवत गेले आणि एका पात्याच्या पुढच्या कडेला, टोकापासून वीतभर आत, तांदळाच्या दाण्याएवढी खपली निघालेली सापडली. एवढ्याशा खड्ड्यावरून ताशी दीडशेच्या वर वारा जातो, बासरीच झाली ती. इपॉक्सी भरला, पॉलिश पेपरने घासून कडेच्या गोलाईत आणला, शिट्टी बंद. शिट्टी ऐकलीत तर आधी पाती बघा.

वादळात शेपूट मुडपून चक्की वाऱ्याला तिरकी होते तेव्हा फडफड फडफड असा आवाज येतो, तो सुरक्षेसाठीच आहे, त्याला इलाज नाही, आणि तेव्हा वाराच इतका घोंघावत असतो की त्याचं काही वाटत नाही.

मोठ्या पवनचक्क्यांच्या आवाजावरून लोकांत फार टोकाची मतं आहेत म्हणून थोडं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात पवनचक्क्यांसाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून 45 डेसिबलच्या खाली ठेवा म्हटलंय, ती पण सशर्त शिफारस, आणि फक्त रात्रीसाठी वेगळा आकडा दिलेलाच नाही कारण पुरावा तेवढा पक्का नव्हता. कॅनडाच्या आरोग्य खात्याने 1,238 घरांत पाहणी केली, 2014 ला निष्कर्ष आले, आवाज वाढला तसा वैताग वाढताना दिसला, पण झोपेचा किंवा आजारांचा आवाजाच्या पातळीशी संबंध दिसला नाही. ऐकू न येणाऱ्या इन्फ्रासाउंडने माणूस आजारी पडतो हे जे सांगितलं जातं त्यावर फिनलंडमध्ये 2020 साली प्रयोगासकट मोठा अभ्यास झाला, त्यातही तसं काही सापडलं नाही. माझं मत विचाराल तर इन्फ्रासाउंडची भीती घालणं चूक, पण "काही होत नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणून माणसाला गप्प करणं त्याहून वाईट. वैताग हा पण त्रासच असतो, काकूंच्या खोलीत बसून बघा.

आता वटवाघळं.

चौथ्या महिन्यात सकाळी खांबाखाली एक मेलेलं सापडलं. लहान जातीचं, अंगठ्याएवढं, मी आधी वाळकं पान समजून उचलायला गेले. अंगावर तपकिरी मऊ लव, एक पंख मिटलेला, दुसरा अर्धा उघडा आणि मधल्या हाडाशी वाकलेला, पडदा कुठेही फाटलेला नव्हता. कागदावर घेतलं तर वजन लागेना. मुलीने विचारलं आपल्या चक्कीने का, आणि मला हो म्हणावं लागलं.

तोवर माझा समज असा की वटवाघळं अंधारात आवाजाने वाट काढतात, त्यांना पातं कळत असणार. समोरचा खांब कळतो. पण त्यांच्या हाकेचा पल्ला थोड्याच मीटरचा असतो आणि बाजूने ताशी 180 ने येणारं टोक त्या पल्ल्यात शिरल्यावर हाताशी वेळ कितीसा उरतो. 2008 मध्ये एक संशोधन गाजलं होतं की पात्यामागच्या हवेच्या दाबाने त्यांची फुप्फुसं फाटतात, नंतरच्या कामात मात्र बहुतेक मृत्यू सरळ पातं लागूनच होतात असं दिसलं. त्यांचं दुखणं असं की बहुतेक जातींत मादी वर्षाला एकच पिल्लू घालते. उंदरासारखी भरपाई होत नाही, दरवर्षी थोडी थोडी मेली तरी वसाहत खचत जाते.

पण हे सगळं वाचताना एक गोष्ट सापडली जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कॅसलमन प्रकल्पावर प्रयोग झाला, 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या एरवी सेकंदाला 3.5 मीटर वाऱ्याला सुरू व्हायच्या, त्याऐवजी रात्री 5 किंवा 6.5 मीटरला सुरू केल्या. वटवाघळांचे मृत्यू 44 पासून 93 टक्क्यांपर्यंत कमी झाले, आणि वर्षाच्या विजेत तोटा 1 टक्का किंवा त्याहून कमी. कारण सरळ आहे, वटवाघळं आणि त्यांचे किडे मुख्यतः मंद वाऱ्यात उडतात, जोराच्या वाऱ्यात फारसे बाहेर पडत नाहीत. आणि वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने बदलते, 3.5 मीटरच्या वाऱ्यात 10 मीटरच्या वाऱ्याच्या तेविसाव्या हिश्श्याइतकीच असते. म्हणजे ज्या वेळी वटवाघळं धोक्यात असतात नेमक्या त्याच वेळी चक्की जवळजवळ फुकट फिरत असते.

तेव्हापासून मी संध्याकाळी दिवे लागले की वारा बघते, मंद असेल तर ब्रेकचा स्विच टाकते, पहाटे उजाडल्यावर काढते. वारा चांगला असेल तर चालू ठेवते. (ब्रेक म्हणजे जनरेटरच्या तीन तारा एकमेकींना जोडणं, हे मंद वाऱ्यातच करा, जोरात फिरताना केलंत तर वाइंडिंग जळू शकतं.) विजेत काय फरक पडला? महिन्याच्या नोंदीत शोधून काढावा लागतो इतका. तेव्हापासून खांबाखाली एकही सापडलेलं नाही. एका घराच्या अनुभवावरून मी मोठा दावा करणार नाही, इतकी छोटी कलेवरं रात्रीतून मांजर पण उचलून नेतं, पण रोज सकाळी मी बघते.

खांबाच्या बुडाशी एक दिवा होता तो पण काढला, दिव्याला किडे येतात आणि किड्यांमागे ती. ताणाच्या तारांना चकाकणाऱ्या पट्ट्या बांधल्या, बारीक तार उडत्या पक्ष्याला दिसत नाही.

छोट्या चक्क्यांवर वेगळा अभ्यास फारसा नाही. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाने 2012 मध्ये चक्क्या चालू-बंद करून बघितल्या, पक्ष्यांच्या वावरात फरक दिसला नाही, वटवाघळं मात्र चालू चक्कीच्या अगदी जवळ कमी फिरकली. म्हणजे मरत नसली तरी जागा सोडतात. जिथे ती रोज किडे टिपायला येतात अशा झाडांच्या रांगेलगत, कुंपणालगत, पाण्याजवळ खांब रोवू नका एवढं तरी आपल्या हातात आहे.

पक्ष्यांचं बघाल तर माझ्या चक्कीखाली 14 महिन्यांत पक्षी मिळाला नाही. मोठ्या चक्क्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो मुख्यतः जागेचा आहे. कॅलिफोर्नियात अल्टामाँट पासला 1980 च्या दशकात हजारो चक्क्या उभ्या केल्या त्या सोनेरी गरुडांच्या शिकारीच्या रानातच. शिकारी पक्षी उडताना खाली भक्ष्याकडे बघतो, समोर नाही, आणि पात्याचं टोक इतकं जोरात जातं की ते डोळ्याला नुसतं धूसर दिसतं. "मांजरं आणि इमारतींच्या काचा याहून जास्त पक्षी मारतात" असं लोक फेकतात, आकड्याने बरोबरच आहे, पण मांजर गरुड मारत नाही. नॉर्वेत स्मोला बेटावर चार चक्क्यांचं तिनातलं एक पातं काळं रंगवलं आणि पक्ष्यांचे मृत्यू 70 टक्क्यांहून जास्त घटले, 2020 ला ते छापून आलं. चारच चक्क्या, म्हणून अजून करून बघायला हवं, पण इतका स्वस्त उपाय बाजूला का पडून राहावा. माझ्या मशिनवर मी नाही रंगवलं, 400 फेऱ्यांना एका पात्याचं वजन जरा जरी बदललं तरी सगळा खांब थरथरतो.

आणि सगळंच नुकसान खाली पडलेल्या कलेवरांत मोजता येत नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये आला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते, आणि त्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे तिथे भरमसाठ वाढले होते, माणूस पार जवळ गेला तरी पळत नव्हते. घार आली नाही म्हणून सरडा निर्धास्त झाला. हे कुठल्याच मृत्यूंच्या तक्त्यात दिसणार नाही, पण पठार बदललं ना.

मशिनबद्दल बाकी थोडक्यात. बांधणी मजबूत आहे, गंज नाही, सांगितलेल्या वाऱ्यात सांगितलेल्याच्या जवळपास वीज देते. माझी खरी तक्रार कंट्रोलरची. त्यात घड्याळ आहे, वाऱ्याचा सेन्सर जोडायची जागा आहे, ब्रेक इलेक्ट्रॉनिक आहे. फक्त "अंधार पडल्यावर अमुक वाऱ्याखाली थांब" एवढं एक सेटिंग टाकलेलं नाही, ते टाकायला एकही नवा सुटा भाग लागत नाही. मी कंपनीला दोनदा लिहिलं, पहिल्यांदा उत्तर आलं की असं कुणी मागत नाही. दुसऱ्यांदा उत्तर आलं नाही. म्हणून तुम्ही घेणार असाल तर कृपा करून मागा, विकत घ्यायच्या आधी मागा, कारण पैसे हातात पडल्यावर कुणी ऐकत नाही.

घर आणि शेजार दोन्हींपासून निदान 60 मीटर मोकळी जागा नसेल तर घेऊ नका. असेल तर कमी फेऱ्यांची, मोठ्या व्यासाची बघा, आणि डंप लोडसकटच घ्या. शेजाऱ्यांना आधी सांगा, नंतर नाही. काकूंच्या खोलीत आता चक्की ऐकू येते तेव्हा त्या मला सरळ फोन करतात आणि मी ब्रेक टाकते, मागच्या महिन्यात दोनदा आला फोन.

5 पैकी 3 देतेय. आवाजाच्या नोंदी वाऱ्याच्या वेगासकट आणि वेळेसकट लिहून ठेवल्यात, कुणाला स्वतःच्या जागेचा अंदाज घ्यायचा असेल तर विचारा, पाठवते.